मिलेतात मागे राहिलेला त्रफिम

माझा आजार बरा होणारा नाही, हे छातीच्या डॉक्टरांनी मला आडपडदा न ठेवता सांगितलं आणि त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. इडिओपॅथिक पल्मनरी फायब्रोसिस. फुप्फुसांच्या मऊ ऊतीत व्रणासारखा कडकपणा पसरत जातो, त्या भागातून प्राणवायू रक्तात नीट उतरत नाही आणि एकदा कडक झालेला भाग पुन्हा मऊ होत नाही. का होतं, याचं कारण सापडत नाही. पिरफेनिडोन आणि निन्टेडानिब यांसारखी औषधं आहेत. ती आजाराचा वेग कमी करतात, त्याला मागे फिरवत नाहीत. निदानानंतरचं आयुष्य सर्वसाधारणपणे ३ ते ५ वर्षं सांगितलं जातं. काही जण त्याहून बरेच जास्त जगतात, काहींना तेवढंही मिळत नाही. मी कुठल्या गटात, हे डॉक्टर बोलले नाहीत. त्यांना ते सांगता येण्यासारखं नव्हतंच.

मी ख्रिस्ती घरात वाढलो. मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, गायनसंघात तरुणपणापासून खर्जात गात आलो, त्यामुळे दफनविधी मला नवे नाहीत. कबरीच्या काठाशी उभं राहून पुनरुत्थानाची गीतं किती वेळा म्हटली असतील, देव जाणे, पण माझा आवाज कधी कापला नाही. पेटीत दुसरं कुणी असलं की आवाज स्थिर ठेवणं तेवढं अवघड नसतं.

अशा वेळी देव फार जवळ आल्यासारखा वाटतो, असं मी पुष्कळांच्या साक्षीत ऐकलं होतं. मला तसं काही वाटलं नाही. भूक मेली, झोप उडाली. शास्त्र, म्हणजे बायबल, उघडलं की अक्षरं दिसायची, वाक्य लागायचं नाही. रविवारच्या शाळेत जी वचनं मी मुलांना शिकवली, ती चेहरा ओळखीचा पण नाव आठवत नाही अशा माणसासारखी समोरून निघून जायची.

पाळकसाहेब आले तेव्हा मला वाटलं, तेविसावं स्तोत्र वाचतील, प्रार्थना करतील आणि निघतील. त्यांनी बसल्याबसल्या विचारलं, “तुम्हाला नेमकं कशाचं भय वाटतं?”

मी म्हणालो, “मेल्यावर काय होईल याचं नाही, पाळकसाहेब. गुदमरण्याचं वाटतं.”

“मग त्याचं उत्तर माझ्याकडे नाही,” ते म्हणाले. “उपशामक उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे आहे. आधी त्यांना भेटू या. शास्त्र मी नंतर उघडतो.”

आणि ते खरोखर बरोबर आले. विश्वासामुळे मला मिळालेली पहिली मदत ही अशी होती: भयाचे दोन भाग वेगळे झाले. एक औषधाचा, एक प्रभूचा. दोन्हींची सरमिसळ करून देवापुढे मांडली की जिथे पंख्याने काम भागतं तिथेही माणूस चमत्कार मागत बसतो.

पंखा मी उगाच म्हणत नाही. डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं की रक्तातला प्राणवायू कमी होणं आणि धाप लागल्याची जाणीव होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवरचा आकडा ठीक असतानाही जीव घुसमटू शकतो. चेहऱ्यावर, नाकाच्या आसपास गार वारा घेतला तर ती घुसमट उतरते, म्हणून हातात धरायचा छोटा पंखा तेव्हापासून माझ्या खिशात असतो. टेबलावर कोपरं टेकून पुढे वाकून बसायचं, श्वास सोडताना ओठांचा चंबू करायचा. घाबरलं की श्वास उथळ आणि भरभर होतो, त्याने धाप वाढते, धाप वाढली की आणखी घाबरायला होतं. ते चक्र कसं तोडायचं तेही त्यांनी शिकवलं. मॉर्फिनच्या अगदी लहान मात्रेने घुसमटीची जाणीव बोथट होऊ शकते. आणि शेवटच्या तासांत कशानेच आवरलं नाही, तर गुंगीचं औषध देऊन झोपवता येतं, हेही त्यांनी माझ्या डोळ्यांत बघून सांगितलं. त्या रात्री मी बऱ्याच दिवसांनी सलग झोपलो.

माझ्या पत्नीला मात्र मॉर्फिनचं नाव ऐकून धस्स झालं. “म्हणजे आपण हरलो का?” असं तिने पाळकसाहेबांनाच विचारलं. त्यांनी तिला सिसिली सॉन्डर्स यांची गोष्ट सांगितली. त्या आधी परिचारिका होत्या, मग रुग्णालयात समाजसेविका, मग १९५७ मध्ये डॉक्टर झाल्या आणि १९६७ मध्ये त्यांनी लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं. वेदना परत येण्याची वाट न बघता ठरलेल्या वेळी मॉर्फिन देत राहायचं, ही शिस्त त्यांच्या कामातून रुजली. शरीराचं दुखणं, मनाचं दुखणं, घरच्यांची काळजी आणि आत्म्याची तगमग ही एकमेकांत गुंतलेली असतात, एकाकडेच बघून भागत नाही, असं त्या मांडत. हे सगळं उभं राहिलं ते ख्रिस्तावरच्या विश्वासातून. २००५ मध्ये त्यांचं निधन झालं तेही त्याच हॉस्पिसमध्ये.

“म्हणजे ही औषधं देणारी बाई विश्वासणारी होती तर,” पत्नी म्हणाली. तिच्यापुरता प्रश्न मिटला. माझ्यापुरता बद्धकोष्ठाचा नवा प्रश्न सुरू झाला, कारण मॉर्फिनने तो होतोच. पण त्याला उपदेश लागत नाही, रेचक लागतं.

खरं सांगायचं तर माझ्या विश्वासाची परीक्षा आजारापेक्षा भेटायला येणाऱ्यांनी जास्त घेतली.

याकोबाच्या पत्रात लिहिलं आहे की कोणी दुखणाईत असेल तर त्याने मंडळीच्या वडीलधाऱ्यांना बोलवावं आणि त्यांनी प्रभूच्या नावाने तेल लावून त्याच्यासाठी प्रार्थना करावी. मी बोलावलं. त्यांनी कपाळाला तेल लावलं, डोक्यावर हात ठेवले. बरं होण्याची मागणी मी तेव्हा मनापासून केली, आजही करतो. मरणाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभूने आधी दुःखाचा प्याला दूर व्हावा असं मागितलं आणि मग बापाच्या इच्छेवर सोपवलं. पहिली अर्धी प्रार्थना गाळून एकदम दुसऱ्या अर्ध्यावर उडी मारा, असं मला शास्त्रात कुठे दिसत नाही.

अडचण त्यानंतर सुरू झाली. एक गृहस्थ नेमाने येत. “भाऊ, तुम्ही बरे झालातच असं बोलायला लागा. तोंडातून आजाराचं नावसुद्धा काढू नका.” नाकात नळी, बाजूला ऑक्सिजनचं यंत्र घरघरतंय, आणि मी आजाराचं नाव घ्यायचं नाही! एका बहिणीने हिज्कीया राजाचं उदाहरण दिलं: तो भिंतीकडे तोंड करून रडला आणि देवाने त्याला १५ वर्षं वाढवून दिली. आणखी एकाने लाजराचं दिलं, ज्याला येशूने मेल्यावर कबरीतून उठवलं. मी म्हणालो, “लाजराला बिचाऱ्याला दोनदा मरावं लागलं.” ते हसले नाहीत. पण खरंच आहे ते. हिज्कीयासुद्धा ती १५ वर्षं संपल्यावर आपल्या पूर्वजांजवळ जाऊन निजलाच.

या लोकांचं प्रेम खोटं नव्हतं. त्यांच्या बोलण्यातून जो हिशेब निघत होता त्याचा मला जाच व्हायचा: बरा झालो तर विश्वास होता, नाही झालो तर कमी पडला. हा हिशेब माझ्यापेक्षा माझ्या पत्नीला महागात पडला असता, कारण माझ्यामागे तो मांडत बसायला तीच उरणार.

त्या दिवसांत मला त्रफिम भेटला. प्रेषित पौलाचं त्याच्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, दुसरं पत्र, चौथा अध्याय, विसावं वचन. कोण कुठे गेलं, कोण कुठे राहिलं असा निरोपांचा मजकूर चालू आहे आणि त्यात पौल सहज सांगून जातो की त्रफिम आजारी होता, त्याला मी मिलेतात ठेवलं. बस. ज्या पौलाच्या अंगावरचे रुमाल नेऊन आजाऱ्यांवर घातले आणि ते बरे झाले असं प्रेषितांच्या कृत्यांत आहे, तोच पौल आपल्या सोबत्याला आजारी अवस्थेत मागे ठेवून पुढे जातो. त्रफिमचा विश्वास कमी पडला असं तो लिहीत नाही. आपली प्रार्थना फसली असंही लिहीत नाही. याच पौलाने तीमथ्याला पोटाच्या तक्रारीसाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं आहे. स्वतःच्या शरीरातला काटा जावा म्हणून त्याने तीनदा विनवणी केली, तर उत्तर मिळालं की माझी कृपा तुला पुरे आहे.

त्रफिमवर कुणी प्रवचन केलेलं मी आजवर ऐकलेलं नाही. मिलेतात तो उठून बसला की तिथेच त्याचा अंत झाला, हे शास्त्र सांगत नाही. मी त्याला आपला मानला. पुढे कुणी हिज्कीया काढला की मी त्रफिम काढायचो, आणि बहुतेकांना तो माहीत नसल्यामुळे बोलणं दुसऱ्या विषयाकडे वळायचं.

मग आशा उरते ती कशाची, असा प्रश्न मला माझ्या मुलीने विचारला. तिचा स्वर जरा रागाचा होता. याचं उत्तर मला लगेच देता आलं नाही, आणि पुढचे कित्येक आठवडे मी त्यावरच घालवले.

आधी मला बरंच काही बाजूला सारावं लागलं. सांत्वनाच्या नावाखाली आपल्या मंडळींतही असं पुष्कळ बोललं जातं ज्याचा ख्रिस्ताशी फारसा संबंध नाही. शरीर म्हणजे नुसतं वस्त्र, टाकायचं आणि जायचं. मरण हा मित्र आहे. देवाला चांगली माणसं हवी असतात म्हणून तो त्यांना लवकर नेतो. पौल तर करिंथकरांना लिहिताना मरणाला शत्रू म्हणतो, सगळ्यांत शेवटी नाहीसा होणारा शत्रू. त्या शत्रूशी गोडीगुलाबीने वागायची जबाबदारी माझ्यावर नाही, हे कळल्यावर मला फार सुटल्यासारखं झालं. आणि लाजराच्या कबरीजवळ येशू रडला. थोड्याच वेळात आपण त्याला हाक मारून बाहेर बोलावणार आहोत हे ठाऊक असताना रडला. मग मी माझ्या पत्नीला ‘रडू नकोस, विश्वास ठेव’ असं कुठल्या तोंडाने सांगू? थेस्सलनीकाकरांना पौल खेदच करू नका म्हणत नाही. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा करू नका, म्हणतो. आमच्या घरात त्यानंतर रडण्याला मोकळीक झाली. स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडायचं बंद झालं.

लाजराच्या त्याच अध्यायात मार्था आहे. तिचा भाऊ शेवटल्या दिवशी पुनरुत्थानाच्या वेळी उठेल हे आपल्याला ठाऊक आहे, असं ती प्रभूला सांगते. धड्यातलं अगदी बरोबर उत्तर. मीही आयुष्यभर तेच देत आलो आणि मुलांनी दिलं की पूर्ण गुण देत आलो. प्रभू ते उत्तर चूक ठरवत नाही, पण तिला त्या दिवसाकडून स्वतःकडे वळवतो: “पुनरुत्थान व जीवन मीच आहे.” भावाला कबरीत ठेवून चार दिवस झाले होते, आणि समोर उभा असलेला माणूस मीच ते आहे म्हणत होता. मुलीला मी एवढंच सांगितलं की मला पुढचा नकाशा मिळालेला नाही. मला जो घेऊन जाणार आहे त्याची ओळख आहे, आणि तो कबरीत जाऊन परत आलेला आहे. ती म्हणाली, “हे मला अजून पटलेलं नाही, पप्पा.” मी म्हणालो, “मलाही रोज सकाळी नव्याने पटवून घ्यावं लागतं.”

शरीराचीही एक गोष्ट आहे. उत्पत्तीत देव मातीच्या माणसाच्या नाकपुड्यांत जीवनाचा श्वास फुंकतो. यहेज्केलाच्या ३७ व्या अध्यायात वाळलेल्या हाडांवर मांस चढतं तरी ती मेलेलीच असतात, श्वास येतो तेव्हा उभी राहतात. योहानाच्या २० व्या अध्यायात उठलेला प्रभू शिष्यांवर फुंकर टाकतो. फुप्फुसं धड होती तेव्हा या वचनांवरून मी भरभर पुढे जायचो. आता खाटेपासून न्हाणीघरापर्यंत जाताना वाटेत खुर्ची लागते, तेव्हा ती वचनं माझ्याबद्दल आहेत असं वाटतं. मला पुन्हा श्वास मिळेल, हे मी अलंकारिक अर्थाने बोलत नाही. उठलेल्या येशूने शिष्यांना हातपाय दाखवले, त्यांच्यादेखत भाजलेला मासा खाल्ला. तितकं खरं काहीतरी. कसं, कोणत्या प्रकारचं शरीर, यावर पौलही पेरलेल्या दाण्याचं उदाहरण देऊन थांबतो. मीही तिथेच थांबतो.

प्रॉटेस्टंट विश्वास प्रश्नोत्तरांतून शिकवणारी हायडेलबर्गची प्रश्नोत्तरी १५६३ ची. तिचा पहिलाच प्रश्न असा आहे की जगताना आणि मरताना तुझा एकमेव दिलासा कोणता, आणि उत्तर सुरू होतं ते या अर्थाच्या शब्दांनी: मी माझा स्वतःचा नाही, शरीराने आणि आत्म्याने, जगताना आणि मरताना, मी माझ्या विश्वासू तारणाऱ्याचा, येशू ख्रिस्ताचा आहे. एरवी मला कुणी ‘तू तुझा मालक नाहीस’ म्हटलं असतं तर मी भांडलो असतो. धाप लागून उठून बसलेल्या माणसाला पहाटे तीन वाजता याहून चांगली बातमी देता येत नाही.

माझं गाणं सगळ्यांत आधी गेलं. लांब स्वर गेले, मग लांब वाक्यं, आणि त्यांच्यामागून लांब प्रार्थना. आता एका श्वासात मावेल तेवढंच मागता येतं. श्वास घेताना ‘प्रभू येशू’, सोडताना ‘दया कर’. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत अशी प्रार्थना श्वासाच्या लयीत म्हणण्याची जुनी परंपरा आहे हे मला मागाहून कळलं. माझ्याकडे ती गरजेपोटी आली. वधस्तंभावरची प्रभूची वाक्यंही आखूडच आहेत आणि त्यांतली दोन स्तोत्रांतून आलेली आहेत: टाकून दिल्याची आरोळी २२ व्या स्तोत्रातून, आत्मा हाती सोपवण्याचे शब्द ३१ व्यातून. स्वतःचे शब्द जुळवायचं बळ नसतं तेव्हा पाठ असलेलं उपयोगी पडतं. म्हणून मुलांकडून स्तोत्रं घोकून घ्या, मग ती कितीही कुरकुरोत, असा निरोप मी रविवारच्या शाळेच्या नव्या शिक्षिकेला पाठवला आहे. तेवढंही जमत नाही तेव्हा रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय आहे. तिथे म्हटलं आहे की काय मागावं हे आपल्याला कळत नाही तेव्हा पवित्र आत्मा शब्दांत न सांगता येणाऱ्या कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो. माझी धापसुद्धा त्यात धरली जाते, असं मानून मी चालतो.

गायनसंघातले लोक अधूनमधून घरी येऊन गातात. पहिल्या वेळी मला ते सोसलं नाही. खर्जाची बाजू लंगडी पडत होती आणि मला ती ऐकू येत होती. हळूहळू सवय झाली. प्रेषितांचा मतांगीकार, म्हणजे विश्वासाची कबुली, म्हणताना ‘शरीराचे पुनरुत्थान’ इथपर्यंत येता येता माझा श्वास संपतो आणि ‘सार्वकालिक जीवन’ बाकीचे म्हणतात. मंडळी कशासाठी असते, हे मला इतक्या वर्षांच्या सभासदत्वात इतकं नेमकं कळलं नव्हतं. प्रभुभोजनही घरीच होतं. कोरड्या भाकरीचा कण घशात गेला की खोकल्याची उबळ थांबत नाही, म्हणून पाळकसाहेब तुकडा प्याल्यात बुडवून देतात.

काही रात्री यातलं काहीच लागू पडत नाही, हेही लिहायला हवं. प्रार्थना छताला लागून परत येते. अशा रात्रींसाठी ८८ वं स्तोत्र आहे. बाकीची बहुतेक विलापस्तोत्रं शेवटाकडे वळण घेऊन स्तुतीवर येतात, हे येत नाही, काळोखातच संपतं. कुणीतरी ते शास्त्रात ठेवलं, वगळलं नाही, याचा मला आधार वाटतो.

पंधराव्या शतकात युरोपात चांगलं मरण कसं यावं हे शिकवणाऱ्या पुस्तिका निघाल्या, ‘आर्स मोरिएन्डी’ या नावाच्या. त्यांत मरणाऱ्याला पडणारे पाच मोह सांगितले आहेत: अविश्वास, निराशा, अधीरपणा, आत्मिक गर्व आणि मालमत्तेचा लोभ. लाकडी ठशांची चित्रंही आहेत, खाटेभोवती सैतान आणि देवदूत दाटीवाटीने उभे. चित्रांचं मला हसू आलं, यादीचं आलं नाही. निराशेपेक्षा अधीरपणा मला जास्त छळतो, आणि तो यादीत ज्याने घातला त्याने आजाऱ्यांची शुश्रूषा नक्की केलेली असणार. उशी दोन बोटं खाली सरकली की मला सगळ्या जगाचा राग येतो. आणि गर्व! “तुम्ही किती शांतपणे घेताय हो!” असं कुणी म्हटलं की बरं वाटतं, आणि मग तो गेल्यावरही मी थोडा वेळ शांत दिसत बसतो.

मालमत्तेचं लवकर उरकलं. मृत्युपत्र झालं, खाती आणि पासवर्ड मुलीच्या हवाली केले. धाकट्या भावाशी बरीच वर्षं बोलणं नव्हतं. त्याला फोन केला, तो आला. जुना विषय दोघांनीही काढला नाही. ऑक्सिजन यंत्राची जाळी धुवायची होती, ती आम्ही मिळून धुतली, आणि आता तो दर आठवड्याला तेवढ्यासाठी येतो.

व्हेंटिलेटरचा निर्णय त्याहून अवघड होता. या आजाराच्या शेवटच्या टप्प्यात व्हेंटिलेटर लावून सहसा काही साधत नाही, फुप्फुसं काही सुधारत नाहीत, हे डॉक्टरांनी सांगितलं. मग नको म्हणणं म्हणजे देवाने दिलेला जीव टाकणं होईल का? आम्ही प्रॉटेस्टंट, तरी पाळकसाहेबांनी १९५७ चं एक उदाहरण दिलं. पोप बारावे पायस यांनी भूलतज्ज्ञांपुढे बोलताना स्पष्ट केलं होतं की जीव वाचवण्यासाठी साधे उपाय करणं कर्तव्य आहे, पण असाधारण उपाय करत राहण्याची सक्ती माणसावर नाही. मला पुढे काय आहे याची खात्री असल्यामुळे मागचं दार घट्ट धरून ठेवायची गरज उरली नव्हती, आणि मी तसं लिहून सही केली. पत्नीने साक्षीदार व्हायला नकार दिला. मग पाळकसाहेब आणि भाऊ झाले.

दफनविधीची रूपरेषा मुलीबरोबर ठरवली. मला योहानाचा अकरावा अध्याय हवा होता, तिला तेविसावं स्तोत्र. मी म्हटलं, ते सगळ्यांच्याच वेळी वाचतात. ती म्हणाली, “पप्पा, ते तुमच्यासाठी नाही. आमच्यासाठी आहे.” दोन्ही ठेवलं. माझ्याबद्दल कुणी लांबण लावायची नाही, हे माझं. गीताचं शेवटचं कडवं गाळायचं नाही, हेही माझं. उशीर झाला की लोक शेवटचंच कडवं गाळतात आणि पुनरुत्थान नेमकं त्यातच असतं.

मग शेवटच्या वेळेसाठी एक कागद लिहून औषधांच्या डब्यावर चिकटवला. पहिला मुद्दा: कोणतं औषध किती, आणि डॉक्टरबाईंचा नंबर. दुसरा: पंखा चेहऱ्याकडे. तिसरा: ३१ वं स्तोत्र सावकाश वाचा, मी उत्तर दिलं नाही तरी ऐकू येत असेल असं धरून वाचा. चौथा: फार वेळ लागला तर पाळीपाळीने झोपून घ्या. जवळ कुणी नसताना गेलो तर मनाला लावून घेऊ नका, मी एकटा नसेन.

दुसऱ्या दिवशी पाहिलं तर चौथ्या मुद्द्यातल्या झोपण्याच्या वाक्यावर पत्नीने पेनाने रेघ मारली होती आणि शेजारी लिहिलं होतं, ‘मी इथेच बसणार आहे.’